चार्ज दिला, चार्ज घेतला

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता माणिक पिंपळापुरेला पडद्यावर स्वतःचं वाक्य भेटलं. भेटलं असंच म्हणायला हवं, कारण ते त्याने तिथे लिहिलेलं नव्हतं. पत्ता होता वरोऱ्याकडच्या कुणा बाईंचा: जुन्या टाकीजवळ, पिवळ्या घराच्या मागे, कोणालाही विचारा. असले पत्ते वाचायचे आणि नकाशावर नेमक्या घरावर लाल टाचणी रोवायची, म्हणजे पार्सल घेऊन फिरणाऱ्या माणसाला खरोखरच कोणालाही विचारत बसावं लागत नाही, हे माणिकचं काम. तीन वर्षं तो ते करत होता. आज त्याने माउसला हात लावायच्या आत टाचणी आपली आपण येऊन बसली, आणि तिच्याखाली बारीक राखाडी अक्षरांत कारण उमटलं: ‘जुनी टाकी असे लिहिले असता टाकी शोधू नये. ती पाडलेली असते. टाकीच्या जागी पुढे काय झाले ते पाहावे.’ माणिकने ते दोनदा वाचलं. ‘लिहिले असता’ हे तर खास त्याचंच. अख्ख्या कंपनीत ‘असता’ लिहिणारा दुसरा इसम नव्हता, आणि या एकाला तो वडिलांकडून मिळाला होता.

घरात आपण एकटेच असावं आणि शेजारच्या खोलीतून आपल्याच खोकल्याचा आवाज यावा, तसं काहीसं त्याला झालं. त्याने मान वळवून हॉल पाहिला. अडतीस माणसं आपापल्या पडद्यासमोर बसली होती. कुणी पत्ता पुटपुटत होतं, कुणी टेबलाखाली डब्याचं झाकण किलकिलं करून आज काय दिलंय याचा वास घेत होतं, लोकेश बिसेन नेहमीप्रमाणे चप्पल काढून एक पाय खुर्चीवर घेऊन बसला होता. कुणाच्याच टाचण्या आपोआप बसत नव्हत्या. शनिवारी पुण्याहून निरोप आला होता की एका नव्या साधनाची चाचणी आहे, ती फक्त टीम लीडच्या पडद्यावर दिसेल. माणिकला वाटलं होतं, नकाशाचा रंग बदलला असेल. त्याने पुढचा पत्ता उघडला. तुमसरचा, ‘मोठ्या नालीच्या अलीकडे’. टाचणी बसली; खाली त्याचं वाक्य: ‘नालीच्या अलीकडे म्हणजे लिहिणाऱ्याच्या अलीकडे. तो कोणत्या बाजूस राहतो हे पिनकोडवरून ठरवावे.’ तिसरा उघडला, तोही बसला. चौथा लामत्याचा होता. लामत्याला ‘स्टेशनच्या मागे’ म्हणजे शेतांच्या बाजूला, असं त्याने उन्हाळ्यात कंपनीला दिलेल्या यादीच्या नियम एकसष्टमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि ते चूक होतं. महिन्याभराने ते त्याच्या लक्षात आलं होतं, पण दुरुस्त करायचं राहून गेलं. मशीनने टाचणी निमूट धानाच्या बांधीत रोवली. तिथे घर नव्हतं, झोपडी नव्हती, साधं बुजगावणंही नसावं. परक्याने आपली अक्कल उचलली तर माणूस चिडू शकतो. पण त्याने आपली चूकसुद्धा इतक्या विश्वासाने उचलली म्हटल्यावर चिडायचं कुणावर? माणिकचा उजवा हात माउसवर नुसता पडून होता. तर्जनीला काम नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांत ती तर्जनी इतकी मोकळी त्याने कधी पाहिली नव्हती. त्याला वाटलं, ही तर अगदी बाबांच्यासारखी दिसते.

कंपनी बालाघाटात आली तेव्हा गावाने तिचं नाव तीन प्रकारे उच्चारून पाहिलं, तिन्ही चुकले, आणि मग सगळे तिला कंपनीच म्हणू लागले. उद्घाटनाला भोपाळहून मंत्री आले होते. दिवा विझू नये म्हणून एसी बंद केला होता, त्यामुळे माहिती तंत्रज्ञानाचं या जिल्ह्यातलं आगमन घामाघूम झालं. छोट्या गावात मोठा रोजगार, असा फलक होता. नागपूरचं भाडं परवडत नाही, पुण्याची माणसं टिकत नाहीत, आणि इथे मात्र हिंदी आणि मराठी दोन्ही येणारी, कुठेही न जाणारी माणसं ढिगाने मिळतात, हे कंपनीच्या कुणीतरी हुशाराने ओळखलं होतं. माणिकचा स्वतःचा कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास अठरा वर्षं चालून तेव्हा नुकताच बंद पडला होता. फोन हातात आल्यापासून लोकांना अंगठ्यांनी लिहिता येऊ लागलं होतं आणि अंगठ्यांचा क्लास कुणी लावत नाही. मुलाखतीत त्याला विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? माणिक म्हणाला, इथेच, तुम्ही असाल तर. त्यांनी ते उत्तर लिहून घेतलं आणि त्याला टीम लीड केलं. घरी बाबांनी एकच प्रश्न केला होता: जागा मंजूर आहे की नुसतीच भरलेली? या दोहोंत काय फरक आहे हे माणिकला माहीत होतं, म्हणून त्याने उत्तर दिलं नव्हतं.

मग गेल्या दिवाळीत विस्ताराची घोषणा झाली. चाळीसचे तीनशे. वरचा मजला भाड्याने घेतला, खुर्च्या आल्या, आणि गावाने त्या तीनशेंच्या भरवशावर आपापला विस्तार सुरू केला. कोपऱ्यावरच्या पानठेल्याने बाजूचा ठेला घेतला. एका रिटायर्ड रेंजरने घरावर आणखी एक मजला चढवून खाली ‘फक्त कंपनीच्या मुलींसाठी’ अशी पाटी लावली. लग्नाच्या बोलण्यांत ‘मुलगा विस्तारात लागणार आहे’ असं म्हणू लागले, आणि समोरचे मान डोलावू लागले, जणू विस्तार हे एखादं खातं असावं, महसूल किंवा वनविभागासारखं. माणिकही त्यातलाच. वरच्या मजल्यावरून नव्या प्लास्टिकचा वास जिन्यातून खाली यायचा तेव्हा त्याला पोटातून बरं वाटायचं. आत्तासुद्धा तो वास येत होता. आत्ता मात्र तो फोडणी न देता नुसतंच तेल तापत ठेवल्यासारखा लागत होता.

पडद्यावरचं हे सगळं खरं तर एका यादीने केलं, असं त्याला वाटून गेलं, आणि यादी त्याच्या रक्तात होती. शरदचंद्र पिंपळापुरे, म्हणजे बाबा, कलेक्टर कचेरीतून नाजिर म्हणून, म्हणजे कचेरीचं सगळं सामान सांभाळणारे म्हणून, रिटायर झाले, आणि सगळ्या जिल्ह्यात त्यांचं नाव होतं ते त्यांच्या चार्ज देण्याबद्दल. बदली झाली की पुढच्या माणसाला चार्ज द्यायचा, म्हणजे कपाटाच्या किल्ल्यांपासून सगळं यादी करून सोपवायचं. लोक दोन पानांत उरकत. बाबांची यादी नव्वद पानांची असे. तिच्यात ‘खिळे, वाकडे, सरळ करण्याजोगे, सतरा’ अशी नोंद होती, आणि त्याखाली ‘खिळे, वाकडे, सरळ न करण्याजोगे, चार’. ते चार खिळे पुढच्या नाजिराने खरोखर मोजून घेतले होते आणि सही करताना त्याचे डोळे भरून आले होते म्हणतात. वैतागानेही आले असतील. बाबा ही शक्यता धरत नसत. लहानपणी माणिकला ते सांगत, चार्ज देताना खिशात काही ठेवायचं नाही. ठेवलं की माणसाची बदली होते, पण तो तिथेच राहतो.

उन्हाळ्यात पुण्याच्या ऑफिसातल्या श्रियाने पडद्यावर सगळ्यांना गोळा करून सांगितलं की विस्तारासाठी नवे लोक येतील, त्यांना शिकवावं लागेल, तर प्रत्येकाने आपण पत्ता कसा ओळखतो ते लिहून द्यावं. श्रिया एकोणतिसेक वर्षांची, फार चांगली मुलगी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसायची आणि माणिकला सर म्हणायची. अडतीस जणांनी खालमानेने हो म्हटलं आणि लिहिताना हात आखडता घेतला. लोकेशने अर्धं पान दिलं, त्यातलं मुख्य वाक्य ‘हे अनुभवाने समजते’ असं होतं. माणिकला ते पाहून दोन पिढ्यांच्या वतीने वाईट वाटलं. त्याने लोकेशला बाजूला घेऊन विचारलं, तर तो म्हणाला की सर, आपल्या हातातली कला कोण फुकट लिहून देते, हलवाई तरी सांगते का पाक किती तारी पाहिजे ते? माणिक हसला होता, मोठ्या माणसासारखा. आणि त्याने स्वतः लिहायला घेतलं. पाच आठवडे, रविवार धरून. दोनशे चौदा नियम. ‘समोर’ म्हणजे किती समोर. एका गावात दोन जुने बसस्टँड असले तर कोणतं जुनं जास्त जुनं. पत्त्यात ‘डॉक्टर’ आले तर ते जिवंत असण्याची गरज नाही. ‘कोणालाही विचारा’ असे लिहिणाऱ्यास गावात कोणीही ओळखत नसते. खिशात काही ठेवायचं नाही. लिहिताना त्याला इतकं सुख कधी झालं नव्हतं. आपल्याला एवढं माहीत आहे हे त्याला लिहायला लागेपर्यंत माहीतच नव्हतं. आणि ते संपल्यावर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा तो इतरांच्या मागे लागला.

सर्वांत जास्त लागला तो दीप्ती उकेच्या मागे. दीप्ती भरवेलीची, बाप पुनाराम मँगनीजच्या खाणीत तीस वर्षं होता. टीममध्ये एकच असा प्रकार होता जो दीप्तीशिवाय कुणाला सुटत नसे: खाणीच्या कॉलन्या. क्वार्टरचे नंबर तीनतीनदा बदललेले, लाईनी सारख्या, रंग सारखे, दारासमोर टेकवलेल्या मोटरसायकलीही सारख्या. दीप्ती नकाशाकडे बघायची, ओठ मुडपायची, आणि टाचणी रोवायची. आणि पार्सल पोचायचं. कसं, ते सांगायची नाही. माणिकने तीनदा विचारलं तेव्हा म्हणाली, “सर, बाबा म्हणते हे सांगाचं नसते. खाणीत छताले लोखंडी सब्बल ठोकून आवाज ऐकते न, छत पडन का राहीन ते समजते. तो आवाज त्यानं कोणाले शिकवला नाही. शिकवला का मंग आपलं काम काय, म्हणते.”

“पुनारामजींचं खाणीत बरोबर होतं,” माणिक म्हणाला होता. “इथे विस्तार आहे, दीप्ती. तू लिहिलंस तर तीनशे जण शिकतील. आणि त्यांना शिकवायला कोण लागेल? तूच. गीताचाही नंबर लागेल.”

गीता तिची धाकटी बहीण, बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसलेली. दीप्तीने थोडा वेळ नखाने टेबलाचा सनमायका खरवडला. मग सांगितलं. कॉलनीचे नंबर रस्त्याकडून धरायचेच नाहीत. खाणीचा भोंगा जिथे होता तिथून धरायचे, कारण पहिल्या लाईनी भोंगा ऐकू यावा म्हणून त्याच्याजवळ बांधलेल्या असतात आणि कॉलनी तिथून बाहेर पसरते. भोंगा आता नसला तर पिंपळ शोधायचा, त्याच्या सावलीत पाळी बदलायची. ती सांगत गेली आणि माणिक लिहीत गेला, कारण तिची शाळा हिंदी, मराठी लिहायला ती लाजायची. दोनशे पंधरा ते दोनशे सव्वीस, बारा नियम. शेवटी तिनेच ते वाचून घेतलं आणि म्हणाली, किती छान लिहिलं सर, मले तर वाटलंही नव्हतं का मले एवढं येते. माणिकला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर स्वतःचंच सुख दिसलं होतं.

बारा वाजता श्रियाचा फोन आला. माणिकने कानांवर हेडफोन चढवला आणि भिंतीकडे तोंड केलं. ती पहिल्यांदा भरभरून कौतुक करत राहिली. पंधरा शहरांतून लोकांनी लिहून पाठवलं होतं, बाकीच्यांची दोन-दोन पानं, सगळी उडवाउडवी. एकट्या बालाघाटातून इतकं स्वच्छ, इतकं संपूर्ण काहीतरी आलं, की त्याच्यावर मशीन शिकवणं सहज झालं. वरच्या लोकांनी त्यांच्या मीटिंगमध्ये त्याचे तीन नियम मोठ्याने वाचले. लोक हसले, प्रेमाने. डॉक्टरांचा नियम सर्वांना फार आवडला. माणिकने विचारलं, वरच्या मजल्यावर माणसं कधी घेणार. ती हसली, आणि पहिल्यांदाच ते हसणं वाक्याच्या आधी आलं.

“सर, विस्तार होतोच आहे. कपॅसिटी तीनशे सीटचीच होणार. फक्त सीट म्हणजे माणूस असं आता राहिलेलं नाही ना.”

माणिक ‘हं’ म्हणाला. टीमला महिनाअखेरीस सांगू, ती म्हणाली. तोवर चाचणी पूर्ण व्हायला हवी, आणि कुणी मधेच सोडून गेलं तर मशीनच्या उत्तरांशी ताडून बघायला माणसंच उरणार नाहीत. तेव्हा प्लीज, सर. माणिकसाठी मात्र जागा होती. सहा महिने, घरी बसून, मशीनची उत्तरं तपासायची. वय पाहता त्याला हे सोयीचं पडेल असं तिनेच आग्रहाने सुचवलं होतं. “टीमचा तुमच्यावर विश्वास आहे सर, म्हणून तुम्हाला आधी सांगतेय.” माणिकने आभार मानले. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याने खरंच आभार मानले.

दुपारी तो जेवायला घरी गेला. स्कूटर चालवताना दुकानांच्या पाट्या तो वाचत नव्हता, तरी त्या डोळ्यांत शिरत होत्या, आणि प्रत्येक पाटीमागे एक टाचणी बसत होती, आपली आपण. घराच्या वळणावर त्याला आठवलं की मागच्या वर्षी त्याच्याच गल्लीतला एक पत्ता त्याच्या पडद्यावर आला होता: नाजिरसाहेबांच्या घरासमोर. बाबांना रिटायर होऊन चोवीस वर्षं झाली होती. गावात तीन-चार नाजिर येऊन गेले असतील. तरी बाबा अजून लोकांच्या पार्सलांना उपयोगी पडत होते. आपल्या नावाने कुणाचं पार्सल पोचेल? पिंपळापुरे सरांच्या क्लासजवळ, असं पूर्वी लिहीत. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. टाकीच्या जागी पुढे काय झाले ते पाहावे.

बायको शाळेत होती, मुलगी इंदूरला शिकते. बाबा एकटेच टेबलाशी पाटावरच्यासारखे ताठ बसून त्याची वाट पाहत होते. ब्याऐंशी वर्षांचे, कान शाबूत. गेले चार महिने ते देवळात सांगत होते की माणिक तीनशे जणांना चार्ज देणार आहे. आजही पोळी मोडता मोडता त्यांनी विचारलं, विस्तार कुठवर आला. माणिकला वाटलं, यांना तरी सांगावं. घरातल्या घरात सांगितलं तर ते सांगितलं असं होत नाही. तो म्हणाला की बाबा, मी लिहून दिलं होतं ना, तो चार्ज मशीनने घेतला. माणसं घेणार नाहीत. आहेत तीही जातील.

बाबांनी पोळीचा घास संपवला. मग म्हणाले, “सही केली का?”

“कुणी?”

“घेणाऱ्याने. चार्ज घेणाऱ्याची सही नसेल तर चार्ज झालेलाच नाही. तू अजून जबाबदार आहेस.” त्यांनी ताटातली कोशिंबीर एका कडेला नीट लावली. “कचेरीत असं एकदा झालं होतं. पुढचा माणूस सही न करता पळाला. मी सहा महिने दोन्ही टेबलं सांभाळली.”

माणिकला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण बाबा थट्टा करत नव्हते, आणि मुख्य म्हणजे चुकत नव्हते. तो अजून जबाबदार होता. अडतीस माणसं अजून चप्पल काढून बसत होती. त्याने बाबांना विचारलं, तुम्हाला कधी असं वाटलं का, की एखादी वस्तू यादीत लिहायला नको होती? बाबांनी खरोखर विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर सगळ्या कपाटांची दारं उघडून बंद झाली. नाही, ते म्हणाले. आणि ताक मागितलं.

ऑफिसात परतताना त्याने ठरवलं की सगळ्यांना सांगायचं. मग ठरवलं की सगळ्यांना नको, एकेकाला. मग हेही दिसू लागलं की एकेकाला सांगताना प्रत्येकजण विचारेल, तुम्हाला कसं कळलं? आणि मग पडदा त्याच्याकडे वळवून दाखवावा लागेल, आणि पडद्यावर काय आहे, तर त्याचीच वाक्यं. लोकेश नुसता आपल्या अर्ध्या पानाची आठवण ठेवून बघेल. दीप्तीला तिचे बारा नियम ओळखू येतील. तिचे शब्द त्याने जसेच्या तसे ठेवले नव्हते, सगळीकडे ‘असता’ घातला होता, तरी येतील. स्वतःचं मूल माणूस दुसऱ्याच्या कपड्यांत ओळखतो. असा विचार करत तो जिना चढला, आणि वर पोचेपर्यंत सांगण्याचा विचार जिन्यातच कुठेतरी राहिला होता. तो पुन्हा खाली जाऊन आणण्याइतका जवळचा नव्हता.

दीप्ती त्याच्या टेबलाशी उभी होती. तिला शिफारस हवी होती, असं तो आधी समजला. पण तिच्याकडे कागद नव्हता, फोन होता. तिने जे सांगितलं ते असं, की कटंगीच्या शाळेत अतिथी शिक्षकाच्या यादीत तिचं नाव पहिलं लागलं होतं. अतिथी म्हणजे कायम नव्हे, हे सगळ्यांना माहीत आहे, पण अतिथी म्हणून दहा-दहा वर्षं राहिलेले लोक जिल्ह्यात आहेत. एकदा शाळेत पाय ठेवला की सहसा कुणी हाकलत नाही. आज चार वाजेपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. तिचे बाबा म्हणत होते जा, शाळेच्या खिचडीले मरण नाही. आई म्हणत होती, रोज भरवेलीहून कटंगी, बसने, धुळीत, काहून? कंपनी मोठी होऊन राह्यली, तू लीड होशील. आणि गीताचं पण होईन. आता साडेतीन झाले होते. दीप्तीने हे सगळं खालच्या आवाजात, गळ्यातल्या ओळखपत्राची फीत बोटाभोवती गुंडाळत सांगितलं, आणि मग थेट त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिच्या डोळ्यांत शंका नव्हती; एका माणसाला विचारलं की काम झालं, असं निवांत वाट पाहणं होतं.

“सर, एकच विचारते. विस्तार पक्का हाय ना?”

“वरच्या मजल्याचा करार पाच वर्षांचा आहे,” माणिक म्हणाला.

ती मान हलवत राहिली. “अन् तुम्ही? तुम्ही इथंच राहता ना?”

“मी आहे.”

“बस मंग.”

माणिकने खोटं एकही सांगितलं नव्हतं. नाजिराच्या मुलाला ते जमलंच नसतं. दोन्ही वाक्यं तपासून घ्यायची कुणाचीही तयारी असती तर ती खरी निघाली असती, आणि त्या दोन खऱ्या वाक्यांच्या मधल्या जागेत एक पोरगी आपलं आयुष्य मांडून मोकळी होत होती. त्याला घाम आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. त्याला फक्त तोंडात ताकाचा आंबटपणा जाणवत होता आणि एसीची घरघर जाणवत होती, आणि ती घरघर एकदम थांबेल आणि कुणीतरी बाहेरून येऊन सगळ्यांना काय ते सांगेल, असं उगीचच वाटत होतं. थांबली नाही.

दीप्तीने तिथेच उभं राहून शाळेला फोन लावला. ती नम्रपणे नाही म्हणाली, मग थोडं ऐकलं, मग हसून म्हणाली, हौ, सर इथंच हायेत. आणि फोन माणिकपुढे धरला. “हेडमास्तर तुमाले ओळखते. म्हणते सरांशी बोलव.”

हेडमास्तर भोजराज होता. कधीकाळी माणिककडे टायपिंग शिकलेला, आता आवाजात चष्मा आलेला.

“प्रणाम सर. पोरगी म्हणते येत नाही. मले वाटलं, लहान हाय, घाईत बोलून राह्यली, म्हणून म्हटलं सरांचं मत घ्यावं. जागा एकच हाय. मागं सोळा जणी थांबल्या हायेत. अन् सर, एकदा नाव कापलं का पोर्टल पुन्हा घेत नाही. तुम्ही म्हणान तसं.” तो थांबला. “कापू?”

माणिकजवळ शब्द तयार होते. ‘थांबा जरा’, एवढेच. भोजराज थांबला असता, नक्की थांबला असता, दहा-पंधरा मिनिटं तर कुणीही थांबतं. मग फोन बाजूला करून दीप्तीला म्हणायचं, जा. कारण विचारलंच तर म्हणायचं, बाबांचं ऐक. एवढंसुद्धा पुरलं असतं. पण ती म्हणाली असती, तुम्हीच तर तेव्हा म्हटलं होतं बाबाचं ऐकू नको. आणि तिथून पुढे सगळं सांगावं लागलं असतं, पहिल्या नियमापासून. महिनाअखेरीला श्रिया सांगणारच होती. ती किती नीट सांगेल. हसून सांगेल. ते ऐकताना दीप्ती त्याच्याकडे पाहील तेव्हा तोही ऐकणाऱ्यांतच बसलेला असेल, सगळ्यांसारखा, आणि कदाचित तिला वाटेल, सरांनाही आत्ताच कळलं. हा विचार इतका नीट, इतका संपूर्ण त्याच्यासमोर आला, की आपण तो केला असं त्याला वाटेना. पडद्यावर टाचणी बसावी तसा तो आपला आपण येऊन बसला होता.

“हौ,” माणिक म्हणाला. “कापा.”

पलीकडे एक कळ दाबल्याचा आवाज आला, मग भोजराजचा श्वास. “झालं सर. बरं केलं तुम्ही बोलले ते. आता पुढचीले फोन लावतो. खैरलांजीच्या रस्त्याकडली पोरगी हाय, तीन वर्षापासून यादीत हाय. रडन बिचारी.”

त्याने फोन दीप्तीच्या हातात परत दिला. तो तिच्या कानाने गरम झालेला होता, की त्याच्या, हे सांगता येत नव्हतं. दीप्तीने तो ओढणीला पुसला आणि मोठा श्वास सोडला. “दोन दिवसापासून जेवणच जात नव्हतं, सर,” ती म्हणाली. “आता हलकं वाटून राह्यलं.”

ती आपल्या जागेवर गेली. माणिक उभाच राहिला. त्यालाही हलकं वाटत होतं. ते वाटणं त्याने बराच वेळ, यादीतली वस्तू उचलून उजेडाकडे धरावी तसं, उलटसुलट करून पाहिलं. ते खरंच होतं.